ऑर्फाची काडतुसं

नॉर्व्हल स्टगार्डला कार्बाइन घ्यायची होती, आणि ती घेताना डेल्मरला बरोबर न्यायचं नव्हतं. पण सगळ्या टॉलिव्हर गावात रस्ता एक, त्या रस्त्यावर बंदुकांचं दुकान एक, आणि दुकानासमोरच्या बाकावर सकाळी आठपासून डेल्मर. आता ह्याला चुकवायचं तरी कसं?

"कुठं निघालास?" डेल्मरने विचारलं.

"दूध आणायला."

"दूध पलीकडच्या टोकाला मिळतं लेका. चल, मीही येतो कार्बाइन बघायला."

झालं! गावात कुणाला शिंक आली तरी या माणसाला आधी कळायची, तिथे ही बातमी लपणार होती थोडीच?

कारण गावच्या मीटिंगमध्ये नॉर्व्हल स्वतःच सगळ्यांसमोर बोलून बसला होता. त्याची बायको ऑर्फा गेल्या हिवाळ्यात गेली. चाळीस वर्षं ती गावच्या नेमबाजी क्लबात रिव्हॉल्व्हर चालवायची आणि भल्याभल्यांना घरी पाठवायची. यंदा शरदातली स्पर्धा तिच्या नावाने करायचं ठरलं, तेव्हा नॉर्व्हल उभा राहिला आणि म्हणाला, "मी उतरणार. आणि तिच्याच काडतुसांनी मारणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग घरी येऊन त्याने तिचं रिव्हॉल्व्हर उचलून धरलं, तर हात असा थरथरला की नळी एकदा गोठ्याकडे, एकदा पाण्याच्या टाकीकडे. पंचाहत्तरीचा हात तो, त्याला काय बोलणार? म्हणून आता ही खांद्याला टेकवून मारायची कार्बाइन.

ऑर्फा आपली काडतुसं स्वतः भरायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पितळी पुंगळ्या, बंदुकीची दारू, शिसं मांडून बसायची, आणि एकेक काडतूस अशा निगुतीने भरायची की नवऱ्याचा जेवणाचा डबाही तिने तसा कधी भरला नसेल. त्या काडतुसांनी भरलेले कॉफीचे एकतीस डबे तळघरात होते. प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'नॉर्व्हल, हात लावू नकोस.' नवीन लग्न झालं तेव्हा एका दुपारी त्याने तिची दोनशे काडतुसं शेतातल्या घुशींवर उडवली होती. एक घूस मेली नाही. तेव्हापासूनची ही चिठ्ठी.

दुकान लव्हॉनचं. नॉर्व्हल शाळेची बस चालवायचा तेव्हा लहानपणी ती त्याच्या मागच्याच सीटवर बसायची, आणि अजूनही त्याला काकाच म्हणायची.

"नऊ एमएमची घे," नॉर्व्हलने तोंड उघडायच्या आत डेल्मर म्हणाला. "ती काळी. घडी होते, पिशवीत मावते."

"पिशवीत घालून कुठं नेऊ? चर्चला?"

"अरे, जमाना बदलला."

"घरात ऑर्फाच्या अडतीस बोअरच्या काडतुसांचे एकतीस डबे आहेत. त्यांचं काय लोणचं घालू?"

"काका, घरात जे काडतूस आहे, त्याचीच बंदूक घ्यायची," लव्हॉन म्हणाली. "डेल्मरकाकांचं काही मनावर घेऊ नका."

नॉर्व्हलला आपले वडील आठवले. त्यांच्या कमरेला पिस्तूल आणि खोगिराला कार्बाइन, पण काडतूस दोन्हीला एकच. अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून. लव्हॉनने मागून अडतीसचीच लिव्हरची कार्बाइन आणली, खालची लिव्हर ओढली की पुढचं काडतूस आत जाणारी. आक्रोडाचा दस्ता, त्याला जवसाच्या तेलाचा तोच जुना वास. नॉर्व्हलने ती खांद्याला लावली. दोन हात आणि एक खांदा मिळाल्यावर थरथर कुठल्या कुठे पळाली.

"हीच," तो म्हणाला. "दुकानामागे मारून बघतो. डबा गाडीत आहे, आणू?"

लव्हॉनने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. दुकानाच्या बंदुकीत घरी भरलेली काडतुसं चालणार नाहीत. "तुमची बंदूक झाली की काय हवं ते घाला. तोवर माझी."

तिच्या खोक्यातली दहा काडतुसं बिनतक्रार उडाली. फॉर्म भरला, फोन झाला, मंजुरी आली, आणि तेवढ्या वेळात डेल्मरने काळ्या बंदुकीचे गुण तीनदा गायले. मग पुढचे तीन आठवडे नॉर्व्हलने गोठ्यामागे रोज सराव केला, पण सगळा विकतच्या काडतुसांनी. ऑर्फाचं एकही वाया घालवायचं नाही, ती त्या दिवसासाठी. इथेच माशी शिंकली.

स्पर्धेच्या दिवशी सगळं गाव जमलं. मागच्या लांब टेबलावर प्रत्येकाच्या घरचा एकेक पदार्थ, आणि मधोमध डेल्मरच्या बटाट्याच्या सॅलडचं भलंमोठं भांडं. बावीस वर्षं ते भांडं भरलेलं यायचं आणि भरलेलं जायचं. त्याची बायको गेली त्या वर्षी त्याने ते पहिल्यांदा केलं, म्हणून कुणी कधी काही बोललं नाही.

नॉर्व्हलने ऑर्फाच्या डब्यातून दहा काडतुसं काढून बंदुकीत भरली. समोर दहा लोखंडी तबकड्या. लव्हॉनने घड्याळ लावून शिट्टी दिली. नॉर्व्हलने लिव्हर ओढली. खट्! लिव्हर अर्ध्यात अडकली. पुढे ना मागे.

"जोर लाव!" डेल्मर ओरडला.

"अजिबात लावू नका!" लव्हॉन त्याच्याहून मोठ्याने ओरडली. तिने बंदूक हातात घेतली, हलक्या हाताने सोडवून एकेक काडतूस बाहेर काढलं, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली. पण लिव्हर अजून कुरकुरत होती.

"आता माझ्याकडे दे," डेल्मर म्हणाला. स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या खिशात होताच. जागा नव्हती म्हणून त्याने बंदूक जेवणाच्या टेबलावर आडवी केली. नको नको म्हणेपर्यंत त्याने बाजूचा स्क्रू फिरवला, आणि तो स्क्रू टुणकन उडून थेट सॅलडमध्ये गडप झाला.

सगळे भांड्याकडे बघत राहिले. एवढासा स्क्रू, आणि अख्खं बादलीभर सॅलड.

"आता खावंच लागणार," कुणीतरी हळूच म्हणालं.

पंचवीस माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. गाव गुपचूप, जपून, दाढेखाली चाचपून चाचपून सॅलड खाऊ लागलं. डेल्मरनेही ताटली घेतली. तिसऱ्या घासाला त्याच्या दातांत कर्र झालं. स्क्रू सापडला. पण डेल्मरचा चेहरा भलत्याच कारणाने पडला होता.

"यात मीठच नाही!"

"बावीस वर्षं नाही," नॉर्व्हल म्हणाला.

"मग कुणी बोललं का नाही रे? ऑर्फा तर दरवेळी दोनदा वाढून घ्यायची!"

"आमचा कुत्रा कशाने जाडा झाला, तुला काय वाटतं?"

डेल्मर हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

तोवर लव्हॉन एक काडतूस तळहातावर घेऊन निरखत होती. "काका, यांना नाकच नाही हो! शिसं पुंगळीच्या काठापर्यंत आत दाबलंय. तबकडीसारखं सपाट. रिव्हॉल्व्हरला हे उत्तम. पण या बंदुकीला लांबी लागते. आखूड असलं की पहिल्याच्या मागे दुसरं घुसतं आणि दोघं दारात अडकतात. तुम्ही आधी कधी बघितली नव्हती?"

"हात लावायचा नव्हता ना!" नॉर्व्हल म्हणाला.

स्क्रू धुऊन बसवला. लव्हॉनने आपलं खोकं पुढे केलं. "माझी घ्या. कोणी काही म्हणणार नाही."

"नको. एकेक घालता येईल?"

"वरून हाताने घालता येईल. पण काका, वेळ किती लागेल!"

"लागू दे."

त्याने एक काडतूस बोटांनी आत सारलं, लिव्हर मिटली, नेम धरला. टप्प. ऑर्फा काडतुसात दारू नेहमीच कमी भरायची. चाळीस वर्षं रविवारी सकाळी तो कॉफी घेऊन स्वयंपाकघरात बसायचा आणि गोठ्यामागून हाच मऊ आवाज यायचा. आवाज थांबला की ती आत येणार, हे त्याला कळायचं. टप्प. त्याला समोरची तबकडी दिसेनाशी झाली. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुढचं काडतूस घातलं. दहा तबकड्यांना अकरा मिनिटं लागली. क्लबात इतका वेळ आजवर कुणी लावला नव्हता, पण एकही माणूस जागचा हलला नाही.

नंतर लव्हॉन जवळ आली. "काका, ही बदलून देते. माझ्याकडे दुसरी आहे, सपाट काडतुसं सुद्धा भराभर खाते. दोन महिन्यांत सगळे डबे संपवाल."

"संपतील?"

"सगळे."

नॉर्व्हलने कार्बाइन छातीशी धरली, जणू कुणी हिसकावून घेणार होतं. "नको पोरी. ही अडते तेच बरं आहे."

पुढच्या रविवारी सकाळी त्याने कॉफी ओतली, तळघरात गेला आणि एका डब्याचं झाकण उघडलं. वरची चिठ्ठी त्याच्याकडे बघत होती.

"एकच घेतोय गं," तो म्हणाला, एक काडतूस खिशात टाकलं आणि झाकण घट्ट लावलं.