पोचमभाऊंचा मतलब

पाहुणे वीस मिनिटं बोलले, की पोचमभाऊ त्याचं तेलुगू दोन वाक्यांत करतात. शिक्षण, संस्कार, स्वप्नं, उंच भरारी, सगळं मान डोलावत ऐकतात आणि मुलांकडे वळून म्हणतात, "माणसं चांगली आहेत. टाळ्या वाजवा, मग जेवण आहे." टाळ्यांचा कडकडाट होतो. पाहुणे भारावतात.

आमचं गाव सिरोंच्याकडचं, नदीकाठचं. पलीकडे तेलंगणा. घरात तेलुगू, शाळेत मराठी. त्यामुळे पहिलीत पोर मास्तरांकडे बघत बसतं आणि मास्तर पोराकडे. पुण्याची एक संस्था आणि नागपूरची एक कंपनी मिळून इथल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करतात. मधले दुभाषी पोचमभाऊ. पूल होईपर्यंत ते नाव चालवायचे, म्हणून दोन्ही काठांची भाषा त्यांना येते.

माझं त्यांच्याशी वाकडं आहे, हे आधीच सांगतो. मी आठवडी बाजारात पोत्यावर पाट्या-पेन्सिली मांडून वर आलेला माणूस. आज दुकान आहे, संस्थेला वह्या मीच देतो. मागच्या कार्यक्रमात एक म्हातारी उठून तेलुगूत म्हणाली, "वहीचा कागद बरा आहे." पोचमभाऊंनी पाहुण्यांना सांगितलं, "बाई म्हणते, शेठनं कव्हरं फुकट देतो म्हटलं, देव त्याचं भलं करो." पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. आता नाही कसं म्हणणार?

बाहेर आल्यावर मी पेटलो. "काऊन खोटं बोलले?"

"मी भाषांतर नाई करत, शेठ. मतलब सांगतो."

"कोणाचा मतलब?"

"पोराइचा. तुमचा तं तुम्ही पाहताच."

ती कव्हरं मी अजून विसरलेलो नाही.

यंदा नागपूरच्या वसतिगृहासाठी राजेश्वरीची निवड झाली. सहा वर्षांची, मराठीचा एक शब्द येत नाही. तिचे आईबाप दरवर्षी मिरची तोडायला पलीकडे जातात, तेव्हा ती पोचमभाऊंकडे राहते. त्यांना तात म्हणते, म्हणजे आजोबा. त्यांच्या घरात दुसरं माणूस नाही. आईबापांनी होकार दिला होता, पण संस्थेचा नियम असा, की मुलीनंही हो म्हणायला हवं.

संस्थेच्या मॅडमनी विचारलं, "बाळ, येशील ना नागपूरला?" पोचमभाऊंनी प्रश्न जसाच्या तसा तेलुगूत सांगितला. हे नवीनच होतं.

राजेश्वरी त्यांचा सदरा धरून म्हणाली, "तात येत असेल तर येते. नाहीतर नाही."

तेलुगू मलाही येतं. आता सापडला गडी, म्हणून मी पुढे सरकलो.

"पोरगी इचारते," पोचमभाऊ म्हणाले, "तिथी भात भेटन का?"

सगळे हसले. "दोन्ही वेळा भात! सांगा तिला," मॅडम म्हणाल्या.

ते खाली वाकले आणि तेलुगूत म्हणाले, "त्या म्हणतात, तातला दर महिन्याला यावंच लागेल."

राजेश्वरीनं जरा विचार केला आणि सदरा सोडला.

पाहुणे जेवायला गेले. मी पोचमभाऊंना हातपंपाशी गाठलं. "महिन्याचं कोण म्हटलं? मॅडम तं भाताचं बोलल्या!"

"मले मालूम हाय."

"मंग?"

ते बराच वेळ पंप हापसत राहिले. खाली भांडं नव्हतं.

"शेठ, तुम्ही माल आणाले नागपूरले जाता न. गाडीत मागं, खोक्याइत, एका माणसाची जागा रायते का?"

भांडणाची माझी सगळी वाक्यं तयार होती.

"मागं नाई, पुढं बसा," मी म्हटलं. "महिन्यातून एकदाच. अन् वाटेत माझ्या वतीनं कोणाशी बोलाचं नाई."

पोचमभाऊंनी मान डोलावली. पाहुण्यांचं भाषण ऐकताना डोलावतात, अगदी तशी.