अकरा सेकंदांची शिवण

शिवणकाकूंनी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आत्ता नको, जेवण झाल्यावर सांगू. त्या जेवणाला आता वीस वर्षं झाली.

तेव्हा त्यांच्या लग्नाला चारच महिने झाले होते. त्यांचा नवरा, म्हणजे आपले चष्म्याच्या दुकानवाले चष्मेकाका, भल्या सकाळी कॅसेटच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. त्या दिवशी एक नवा अल्बम बाजारात येणार होता. दुकान उघडल्याबरोबर त्यांनी पहिली कॅसेट घेतली, घरी आणून टेबलावर ठेवली, "संध्याकाळी दोघं मिळून ऐकू" असं म्हणाले आणि कामावर गेले.

काकू शिलाई मशीनवर बसल्या. समोर ती नवीकोरी कॅसेट. एकदा नुसती लावून बघितली तर काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत काहीच बिघडलं नाही. तिसऱ्या गाण्यात टेपरेकॉर्डरने घरघर केली आणि फीत खाल्ली.

दुसरं कोणी असतं तर रडत बसलं असतं. काकू पडल्या शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी फीत हलक्या हाताने सोडवली, चुरगळलेला हातभर तुकडा कात्रीने कापला, दोन्ही टोकं जुळवून मागून चिकटपट्टी लावली, कडा कातरल्या आणि कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फीत परत गुंडाळली. कापलेला तुकडा बटणांच्या डब्यात ठेवला. (काकू चिंधीसुद्धा टाकत नाहीत.)

संध्याकाळी काका डोळे मिटून खुर्चीत बसले. तिसऱ्या गाण्यात गायकाने सूर लांबवला, आणखी लांबवला, आता ड्रम सुरू होणार असं वाटलं आणि गाणं टुणकन पुढच्या कडव्यात जाऊन पडलं. काकांनी डोळे उघडले आणि एक बोट वर केलं.

"ऐकलंस?"

"अहो, ते काय झालं ना..."

"थांब, बोलू नकोस. सगळ्यांना वाटतं ड्रम येणार, आणि हा माणूस ड्रम देतच नाही. काय धाडस आहे."

काकूंनी ठरवलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवताना काका त्याच जागेबद्दल बोलत राहिले. पानातलं गार झालं तरी बोलत राहिले. हात धुतानाही बोलत होते. मग काकूंना वाटलं, उद्या सांगू.

त्या दिवसापासून त्या घरात अल्बमचे वाढदिवस सुरू झाले. काकांनी एक वही केली आणि तिच्यात आपल्या आवडत्या चाळीस अल्बमांच्या तारखा लिहिल्या. प्रत्येक अल्बम वर्षातून एकदाच, त्याच्याच तारखेला लावायचा. रोज ऐकलं तर कान कोडगे होतात, असं त्यांचं म्हणणं. ऐकताना बोलायचं नाही, उठायचं नाही, बाजू बदलताना मात्र पाणी प्यायला परवानगी. सासूबाई अशा दिवशी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवत आणि सुखाने बसत. (काकूंचा स्वतःचा वाढदिवस त्या वहीत नव्हता. पण त्या अल्बम नव्हत्या, हेही खरंच.)

आता, फितीच्या दोन्ही अंगांना गाणी असतात. हातभर फीत कापली तर पहिल्या बाजूबरोबर दुसऱ्या बाजूचंही गाणं कापलं जातं. दुसऱ्या बाजूला एक प्रेमगीत होतं. त्यात गायक म्हणे, "तुझ्यावाचून मला", मग टुणकन उडी, आणि "बरं वाटतं". मधलं सगळं बटणांच्या डब्यात. काकांच्या मते हे जगातलं पहिलं प्रामाणिक प्रेमगीत होतं.

पाचव्या वाढदिवसाला काकांनी घड्याळ लावून मोजलं. पहिल्या बाजूला सुरुवातीपासून त्या जागेपर्यंत नऊ मिनिटं आणि दुसऱ्या बाजूला त्या जागेपासून शेवटापर्यंत बरोबर नऊ मिनिटं. काका आनंदाने खुर्चीवरून उठलेच. (नियम त्यांचाच होता.)

"आरसा," ते म्हणाले. "अगं, हे आरशातलं प्रतिबिंब आहे. हा योगायोग असेल का?"

"नसेल," काकू म्हणाल्या. तेवढं तरी त्या खरं बोलल्या.

सांगणं दर वर्षी जास्त अवघड होत गेलं, आणि त्याला आणखी एक कारण होतं, जे काकूंनी स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं. वीस वर्षांत काकांनी त्यांच्या कुठल्या कॉलरला की बाहीला बरं म्हटलं नव्हतं. हा एकच सांधा असा होता, ज्याचं दर वर्षी ठरलेल्या तारखेला, डोळ्यांत पाणी आणून कौतुक होई.

विसाव्या वाढदिवशी रविवार होता. वाचनालयात संगीतप्रेमींचं एक मंडळ जमे, तिथे काकांनी त्या दिवशी दुपारी निबंध वाचायचं ठरवलं. निबंधाचं नाव 'मौनाची सममिती'. आधी निबंध, मग कॅसेट. मंडळातल्या कोणी हा अल्बम ऐकलेला नव्हता (तो फारसा खपलाच नव्हता), त्यामुळे काकूंना तशी धास्ती नव्हती. पण गुरुवारी काका दुकानातून उड्या मारतच घरी आले.

"आज दुकानात कोण आलं होतं, सांग."

"कोण?"

"या अल्बमचे ड्रमवाले. प्रत्यक्ष. जवळचा नंबर लागलाय त्यांना. आता गाडी चालवायला शिकवतात. म्हटलं, रविवारी यायचंच, पहिल्या रांगेत बसवतो."

काकूंच्या बोटात सुई गेली. ज्या माणसाचा ड्रम आपण बटणांत ठेवलाय, तो पहिल्या रांगेत बसून ऐकणार. मग चारचौघांत उठून विचारणार, की माझा तुकडा कुठे आहे. आणि आपला नवरा हातात अकरा पानं घेऊन उभा असणार.

शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी चार वेळा तोंड उघडलं. शेवटचा प्रयत्न रविवारी सकाळी, काकांच्या शर्टाला इस्त्री करताना.

"अहो, त्या जागेबद्दल मला काही सांगायचंय."

"मला माहीत आहे," काका समजूतदारपणे म्हणाले. "तुला ती आवडत नाही. दर वर्षी तिथे मान खाली घालतेस, ते दिसतं मला. सगळ्यांनाच झेपतं असं नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

काकूंनी इस्त्री जरा जोरात दाबली.

वाचनालयात चौदा माणसं होती. काकांनी निबंध वाचला. "इथे कलाकाराने वाजवलं नाही, आणि म्हणूनच ते ऐकू येतं," या वाक्याला दोघांनी माना डोलावल्या, एक जण आधीपासूनच डोलत होता. ड्रमवाले पहिल्या रांगेत नवा चष्मा घालून, हातातली छोटी पिशवी चुरगळत बसले होते. मग काकांनी कॅसेट लावली.

काकू मागच्या भिंतीजवळ उभ्या राहून फक्त ड्रमवाल्यांकडे बघत होत्या. तिसरं गाणं सुरू झालं तसे ते खुर्चीत खाली खाली सरकू लागले. सूर लांबला तेव्हा त्यांनी खांदे वर घेतले आणि डोळे गच्च मिटले, दाताच्या डॉक्टरांकडे मिटावेत तसे. गाणं टुणकन पुढे गेलं. ड्रमवाल्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग ते सावकाश ताठ बसले.

दोन बाजूंच्या मधल्या सुट्टीत ते चहाचा कप घेऊन नेमके काकूंपाशी आले.

"वहिनी, ही कॅसेट कोणी कापली?"

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. काका टेबलापाशी कोणाला तरी आरसा समजावून सांगत होते.

"मी," त्या म्हणाल्या. "टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली होती. यांना सांगणार होते, ते राहून गेलं."

"कधीपासून?"

"अल्बम आला त्या दिवसापासून."

ड्रमवाल्यांनी कप खाली ठेवला. "तिथे माझा सोलो होता. अकरा सेकंदांचा. आयुष्यातला एकुलता एक."

"माफ करा हो. मी आत्ता सगळ्यांसमोर..."

"ऐका तर. सातव्या सेकंदाला माझ्या हातातून काठी सुटली. आधी ड्रमच्या थाळीवर आपटली, मग घरंगळत गेली. स्टुडिओ सहाला रिकामा करायचा होता, म्हणून तसंच ठेवलं त्यांनी. नंतर मला कोणी वाजवायला बोलावलं नाही. हे गाणं लागलं की मी उठून बाहेर जातो. आज पहिल्या रांगेत, उठणार कसा? आणि काठी पडलीच नाही की हो." त्यांनी नवा चष्मा काढून पुसला. "सांधा कळतसुद्धा नाही. हात फार चांगला आहे तुमचा."

काकूंना कौतुकाची सवय होती, पण ते स्वतःच्या पत्त्यावर येण्याची नव्हती.

"तो तुकडा आहे माझ्याकडे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "बटणांच्या डब्यात. हवा असेल तर..."

"नको, नको. तिथेच राहू दे. झाकण तेवढं घट्ट लावा."

दुसरी बाजू संपल्यावर ड्रमवाले स्वतःहून पुढे गेले आणि म्हणाले, "या जागी माझं काम इतकं चांगलं मला कधीच वाटलं नव्हतं." टाळ्या वाजल्या. काकांचा चेहरा एवढा फुलला की चष्मा वर सरकला. मग ड्रमवाल्यांनी विचारलं, आठवण म्हणून ही कॅसेट मला मिळेल का? काकांनी क्षणभर कॅसेट छातीशी धरली आणि देऊन टाकली.

"मी तुम्हाला रिकाम्या हाताने कसा पाठवू," असं म्हणत ड्रमवाल्यांनी पिशवीतून त्याच अल्बमची आपली कॅसेट काढली. "ही माझी घ्या. मला आता नको."

काकू मागून पुढे येईपर्यंत ती काकांच्या खिशात गेलीसुद्धा होती.

घरी आल्यावर काका म्हणाले, "तारीख अजून आजचीच आहे. लावून बघू." कार्यक्रमाचं कौतुक ऐकायला सासूबाईंनी यंत्र कानातच ठेवलं होतं. तिसरं गाणं आलं. सूर लांबला. मग वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत ड्रम वाजला. सहा सेकंद फारच छान वाजला. मग खण्ण. मग गडगड, गडगड. मग स्टुडिओतल्या कोणीतरी हळूच 'च्च' केलं.

काकांनी डोळे उघडले. काकूंनी सुई ठेवून दिली. आता जेवणाबिवणाची वाट बघायची नाही.

"अहो, ऐका. ती कॅसेट मी..."

काकांनी बोट वर केलं.

"ऐकलंस? ही निराळी आवृत्ती आहे. तिथे मौन होतं, इथे पतन आहे. त्या माणसाने माझ्या हाती काय दिलंय, कळतंय का तुला?" त्यांनी वही ओढली आणि नवं पान काढलं. "खण्ण, आणि मग ती लांबत जाणारी गडगड. कशाचा आवाज असेल हा? माणसाच्या अहंकाराचा?"

"काठी पडली रे त्याची," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे अतिशय मायेने पाहिलं.

"आई, यंत्र एकदा दाखवून आणू या. तुला नीट ऐकू येत नाहीये."

काकू उठल्या. "चला," त्या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या."