बेनी आवासकरांचा साहेब

दर शनिवारी सकाळी न्याहारी झाली की बेनी आवासकर सूट घालायचे, डोक्यावर हॅट ठेवायचे आणि घरासमोर उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसायचे. जीपला तेव्हा पुढची चाकं नव्हती. ती विटांवर उभी होती आणि तिचं इंजिन मागच्या शेडमध्ये पोत्यावर पडलेलं होतं. बेनी काहीच करायचे नाहीत. स्टिअरिंगला हातसुद्धा लावायचे नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या झुडपांच्या कुंपणाकडे बघत जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहायचे. पाऊस आलाच, तर हॅट थोडी पुढे ओढायचे.

कारण साधं होतं. आवासकर बेने इस्राएल होते, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की सुरू होणारा. त्या दिवशी काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. पाना-हातोडी हातात घेणं तर दूरच. पण जीपपासून लांब राहणंही त्यांना जमायचं नाही. मी एकदा विचारलं, की नुसतं बसून काय मिळतं? ते म्हणाले, "वहिनी, आजारी माणसाजवळ बसतो ना आपण? त्यात काम कुठे आहे?"

मुलांनो, तुम्ही तिकडे ऑकलंडला बसून मला विचारलं होतंत, की आजी, तुमच्या वेळी लंडनजवळ वॉटफर्डला आपली माणसं होती का? फार नव्हती. तुमचे आजोबा इथल्या हॉस्पिटलमध्ये छातीच्या विकारांचे डॉक्टर म्हणून आले, तेव्हा आमच्या सगळ्या रस्त्यावर मराठी बोलणारी घरं दोनच. एक आमचं आणि शेजारी आवासकरांचं. एकोणीसशे साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. बेनी छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांचा हिशेब ठेवायचे. त्यांची बायको रूबी घरीच असायची. त्यांना मूल नव्हतं.

बेनींना गाड्यांमधलं काही कळत होतं असं समजू नका. महायुद्धात ते बर्मा आघाडीच्या मागे लष्कराच्या भांडारात कारकून होते. जीपचे सुटे भाग लिहून घेणं आणि लिहून देणं एवढंच त्यांचं काम. त्यामुळे जीपच्या प्रत्येक भागाचं नाव त्यांना तोंडपाठ होतं आणि तो कुठे बसतो हे एकाचंही ठाऊक नव्हतं. एखादा तुकडा हातात घेऊन ते त्याचं पूर्ण नाव आदरानं उच्चारायचे, मग इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि तो परत खाली ठेवायचे.

जीप त्यांनी एका शेतकऱ्याकडून आणली होती. लष्करानं टाकून दिलेली ती गाडी त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. इंजिनाकडे वळण्याआधी बेनी कितीतरी दिवस नुसती पिसं काढत होते. तिचं नाव त्यांनी साहेब ठेवलं. छापखान्यातल्या गोऱ्या फोरमनला ते कधी साहेब म्हणाले नाहीत, त्याला पहिल्या नावानं हाक मारायचे. पण गाडी मात्र साहेब. आज साहेबाला सर्दी झाली आहे. आज साहेबाचा मूड नाही. साहेबाच्या पोटात पाणी गेलं. आणि तुम्ही कितीही टोचून विचारा, उत्तर एकच, "शिस्तीत होईल, वहिनी."

शिस्त हा शब्द त्यांच्या तोंडी ऐकून माझ्यासारखीला कसं व्हायचं, ते तुम्हाला कळेल. त्यांच्या बाथटबमध्ये गिअरबॉक्सचे तुकडे पॅराफिनमध्ये, म्हणजे आपल्या रॉकेलमध्ये, भिजत असायचे, म्हणून आंघोळीच्या दिवशी बेनी टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या दाराशी हजर. पिस्टन वाळवायला ओव्हनमध्ये ठेवलेले. त्यांच्याकडच्या केकला पॅराफिनचा वास यायचा आणि तो आम्ही मुकाट्यानं खायचो. समोरच्या मिसेस प्रॅटनी कौन्सिलकडे दोनदा तक्रार केली, की रस्त्याची शोभा जाते. बेनींनी त्यांच्यासमोर हॅट काढली आणि साहेब लवकरच बरे होतील असं शांतपणे सांगितलं. मिसेस प्रॅटना वाटलं की घरात कोणी आजारी आहे. त्या सूप घेऊन आल्या.

घरात कोणी आजारी होतंच. रूबीबाईंना लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. इथल्या थंडीत ती आणखी बिघडली. पाय सुजायचे, दोन पायऱ्या चढल्या की ओठ निळे व्हायचे. ऑपरेशन झेपणार नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीप आणली त्याच शरद ऋतूत तुमच्या आजोबांनी बेनींना आमच्या किचनमध्ये बसवून खरं काय ते सांगितलं. हा हिवाळा निघेल. पुढच्याचं सांगता येत नाही.

रूबीबाईंना समुद्र बघायचा होता. त्या अलिबागजवळच्या नवगावच्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली बाई, ती इतकी वर्षं वॉटफर्डला विटांच्या भिंतींकडे बघत होती. स्टेशनच्या पायऱ्या, ट्रेन, गर्दी, हे त्यांना शक्य नव्हतं. तुमच्या आजोबांनी सुचवलं, की एखादी लहानशी जुनी मोटार घ्या, रविवारी जाऊन या. बेनी म्हणाले, रूबीला लांबून समुद्र नको, वाळूवर उतरायचंय. लहान गाडी वाळूत रुतेल. साहेबाची चारही चाकं ओढतात.

तेव्हा रूबीबाईंनी नवस बोलला. त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या पैगंबराला नवस बोलतात आणि काम झालं की मलिदा करतात. म्हणजे भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलदोडे, वर फळं, आणि ते ताट मध्ये ठेवून प्रार्थना. साहेब चालू झाला की मलिदा करीन, असं त्या म्हणाल्या. आणि आम्हा सगळ्यांसमोर असंही म्हणाल्या, की साहेब चालू होईपर्यंत मी कुठे जात नाही.

तो हिवाळा गेला. पुढचाही गेला. इंजिन शेडमधून जीपमध्ये आलं, चाकं चढली. तुमचे आजोबा दर आठवड्याला त्यांची छाती तपासायचे आणि घरी येऊन आपली जुनी पुस्तकं पुन्हा काढून बघायचे. रूबीबाई वरच्या खोलीत खिडकीशी उशांना टेकून असायच्या आणि खाली काम करणाऱ्या नवऱ्याला टोमणे मारायच्या. माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा यापेक्षा लवकर फिरायचा, असं त्या खिडकीतून सांगायच्या. त्यांच्या गालांवर थोडा रंगही आला होता.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारून इंजिनाचा आवाज आला. खोकला नव्हे, अडखळणं नव्हे, चांगला एकसारखा आवाज. थोडा वेळ चालला आणि बंद झाला. मी ओल्या हातांनी तशीच पुढे धावले. बेनी बॉनेटखाली वाकले होते. त्यांनी एक झाकण उघडलं, आतून बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा काढला आणि वेस्टकोटच्या खिशात टाकला. तो रोटर. तो नसला की ठिणगी पोचत नाही आणि गाडी काही केल्या चालू होत नाही. युद्धाच्या दिवसांत इथले लोक गाडी चोरीला जाऊ नये म्हणून तो काढून घरात नेत असत.

मला बघून त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरांनी एक हिवाळा दिला होता. हा तिसरा लागलाय. मी कसा चालू करू, वहिनी?"

त्या संध्याकाळी ते वर गेले आणि रूबीबाईंना सांगितलं, की साहेबाचा पेट्रोलचा पंप गेला. पुढच्या आठवड्यात कार्ब्युरेटर. मग दिव्यांची वायर उंदरांनी खाल्ली. मी कधी तिथे सूप घेऊन बसलेली असायचे, तेव्हा हे सगळं ऐकलेलं आहे. मोठ्या बारकाईनं सांगायचे. हातवारे करून. रूबीबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, मग आता किती दिवस? आणि ते म्हणायचे, शिस्तीत होईल.

तुमच्या आजोबांना मी सांगितलं. डॉक्टर माणूस, पण रागावले नाहीत. म्हणाले, माझ्याकडे याहून चांगलं औषध नाही.

पण त्या हिवाळ्याच्या शेवटी रूबीबाई ढासळू लागल्या. आडवं झोपता येईना. उन्हाळा त्यांनी खुर्चीत बसून काढला. शरद ऋतूची पानं पडायला लागली तेव्हा एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं आणि मुंबईहून कोणीतरी आणून दिलेला पोह्यांचा डबा काढायला सांगितला. नारळ मिळत नव्हता, तेव्हा पाकिटातला सुका किस चालेल म्हणाल्या. येत्या रविवारी मलिदा. लंडनहून त्यांच्या नात्यातल्या चार घरची माणसं येणार होती. मी म्हटलं, रूबीबाई, अजून जीप चालू कुठे झालीय? त्यांनी मला वेलदोडे सोलायला दिले.

बेनी हादरले. मलिदा आधी कसा होईल, काम झाल्यावर आभार मानायचे असतात, असं ते खालच्या खोलीत येरझारा घालत मला आणि तुमच्या आजोबांना समजावत होते. जणू आम्हीच तो करायला निघालो होतो.

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत माणसं जमली. हॅटा, शाली, ओले बूट. मध्ये ताट, ताटात गोड पोह्यांचा ढीग, वर खजूर, सफरचंद आणि एक गुलाब. पुतण्यांनी रूबीबाईंना खुर्चीसकट खाली उचलून आणलं. प्रार्थना म्हणणारे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी रीतसर विचारलं, की नवस कशाचा होता आणि तो पुरा झाला का?

खोलीत सगळे बेनींकडे बघू लागले. बेनींचा हात वेस्टकोटच्या खिशावर होता.

रूबीबाई म्हणाल्या, "साहेब चालू झाला. खूप दिवस झाले."

आवाज अगदी बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. गृहस्थांनी मान हलवली आणि प्रार्थना सुरू केली. बाकीचे त्यांच्या सुरात मिसळले. बेनींचे ओठ हलत नव्हते. आता पैगंबराचे आभार मानून झाले होते. ताट वाटलं गेलं. ज्याचे आभार मानले ते काम झालेलं नाही असं ठेवणं, म्हणजे बायकोला देवासमोर खोटं पाडणं. त्यांनी आपल्या वाट्याचे पोहे खाल्ले, हात पुसले आणि कोट न घालता बाहेर गेले.

आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यांनी ताडपत्री ओढून काढली, बॉनेट उघडलं, खिशातला तुकडा जागेवर बसवला. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. निळा धूर रस्ताभर पसरला. मिसेस प्रॅट दारात येऊन टाळ्या वाजवायला लागल्या. बेनी बराच वेळ आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे, तुमच्या आजोबांनी तोंडदेखला विरोध केल्यावर, ती दोघं साउथएंडच्या समुद्रकिनाऱ्याला निघाली. रूबीबाईंच्या अंगावर दोन गोधड्या आणि मांडीत गरम पाण्याची पिशवी. जीपला कापडी छप्पर होतं आणि हीटर नव्हता. छापखान्यात बेनींनी पहिल्यांदाच न सांगता दांडी मारली.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी, रूबीबाई गेल्या.

त्यांच्यात शोकाचे सात दिवस घराबाहेर पडत नाहीत. ते संपल्यावर बेनी आमच्या किचनमध्ये आले आणि टेबलाशी बसले. मी चहा ठेवला. आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

साउथएंडला पोचले तेव्हा समुद्रच नव्हता. ओहोटी. क्षितिजापर्यंत करडा चिखल आणि त्यावर होड्या आडव्या पडलेल्या. तिथली ओहोटी मैलभर मागे जाते. बेनी वाळूवर उतरून स्वतःवरच चिडले. रूबीबाई आतून हसत होत्या. कोकणातला माणूस आणि भरती-ओहोटी न बघता निघालात, म्हणाल्या. थांबू, येईल. दोघांनी डब्यातला उरलेला मलिदा खाल्ला.

तेव्हा बेनींनी विचारलं, की तुला कळलं कधी?

"पहिल्याच खेपेला," रूबीबाई म्हणाल्या. "माझं हृदय खराब आहे, कान नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर मला दुसरं काय होतं? संध्याकाळी तुम्ही वर यायचात आणि साहेबाला काय झालं ते खोटं सांगायचात. किती विचार करून सांगायचात. मी त्याची वाट बघायचे."

इथे बेनींनी कप उचलला. चहा निवला होता. तुमच्या आजोबांनी विचारलं, मग समुद्र आला का?

आला, म्हणाले. दुपार कलता कलता आला, पार पुढच्या चाकांपर्यंत. पण तोवर ती झोपली होती. इतकी शांत झोप तिला वर्षभरात लागली नव्हती. मी उठवलं नाही. पाणी परत फिरलं, अंधार पडला, तेव्हा इंजिन चालू केलं. त्या आवाजानं तिला जाग आली. तिनं विचारलं, आलं होतं का पाणी?

"मी म्हटलं, नाही, आज काही आलं नाही. वाळू ओली होती, वहिनी. जीपच्या दिव्यात तिला दिसतच होती."

मी विचारलं, "मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरं. मग रविवारी परत यायला हवं."