दोन दिवस घे, खलास!

टिपणीसकाका दार उघडल्यावर 'या, बसा' म्हणत नसत. 'जीभ दाखव' म्हणत.

शारजात अल नहदाच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही सामान आणून टाकलं, त्या संध्याकाळी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली होती ती प्यायचं पाणी मागायला. दार उघडलं एका पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थांनी. वर ऑफिसचा शर्ट, खाली बर्म्युडा. मी नाव सांगायच्या आत ते म्हणाले, "जीभ दाखव." आणि मी दाखवली! का दाखवली ते मला आजही सांगता येणार नाही. आवाजच तसा होता.

"पांढरी आहे. दगदग झालीय." ते आत गेले आणि गोळ्यांची अर्धी स्ट्रिप घेऊन आले. "दोन दिवस घे, खलास!"

मागून सुनंदाकाकू आल्या. त्यांनी माझ्या हातातली स्ट्रिप शांतपणे काढून घेतली, पाण्याची मोठी बाटली दिली आणि म्हणाल्या, "यांच्याकडून काहीही घे. गोळी तेवढी घेऊ नकोस."

काका हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात सेफ्टी ऑफिसर होते. तिथे त्यांचा दरारा होता म्हणे. कुणाच्या हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तर चालू क्रेन थांबवायचे. "असेल, चालेल, बघू, हे तीन शब्द माझ्या यार्डात चालत नाहीत," असं अभिमानाने सांगायचे. घरी आल्यावर मात्र त्यांचं सगळं वैद्यक याच तीन शब्दांवर चालायचं.

औषधं फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. अंडी बिचारी भाजीच्या ट्रेमध्ये. ठाण्याला त्यांच्या वर्गमित्राचं मेडिकल स्टोअर होतं आणि तो शाळेतल्या मैत्रीखातर चिठ्ठीबिठ्ठी काही विचारायचा नाही. काका सुट्टीवरून परतले की बाकीच्यांच्या बॅगेतून चकल्या निघायच्या, त्यांच्या बॅगेतून अँटिबायोटिक्स.

उपचारपद्धती सोपी होती. ताप, दोन दिवस. घसा, दोन दिवस. शिंका, एक दिवस. पोट बिघडलं तर रंग बदलायचा, दिवस तेवढेच.

"काका, डॉक्टर पाच-सात दिवसांचा कोर्स देतात," मी एकदा म्हटलं.

"ताप उतरला ना? मग उरलेल्या वाया कशाला घालवायच्या? दुसऱ्याला उपयोगी पडतील."

"आणि सर्दी व्हायरसने होते. तिला अँटिबायोटिक लागतच नाही."

"लागत नाही म्हणून तर मी देतो! लागलं असतं तर डॉक्टरकडे नसतं पाठवलं?"

वर त्यांचं आवडतं वाक्य यायचं, "वैशाली, बॉडीला कळलं पाहिजे, आपण गप्प बसलेलो नाही."

गप्प बसणं त्यांना जमतच नसे. फोनवर बोलताना ते कॉरिडॉरमध्ये चपला वाजवत येरझाऱ्या घालत. लिफ्ट यायला वेळ लागला तर जिन्याने उतरत आणि अर्ध्यावरून परत चढत, कारण लिफ्ट आल्याचा आवाज आलेला असे. माझा नवरा समीर त्यांचा निष्ठावान पेशंट. जबल अलीला लॉजिस्टिक्समध्ये नोकरी, रोज दोन्ही वेळा ट्रॅफिक, त्यामुळे डोकं कायम धरलेलं. आमची ईरा तेव्हा आठ वर्षांची. बेल वाजली की दाराच्या भिंगातून बघून ओरडायची, "आई, डॉक्टर अंकल इज हिअर!"

मग ती मंदी आली.

बँका तिकडे अमेरिकेत बुडाल्या आणि इकडे आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या अर्धवट इमारतींवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. समीर फोन वाजला की दचकायचा. माझ्या ऑफिसात कुणाला केबिनमध्ये बोलावलं की बाकी सगळे कीबोर्डवर उगाचच जोरात टाइप करायचे. बिल्डिंगमधून दर आठवड्याला एखादं कुटुंब निघायचं. 'मुलांच्या शाळेसाठी', 'सासूबाईंची तब्येत', 'जरा ब्रेक घेतोय'. खरं कारण सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी विचारायचं नाही.

काकांचा पगार निम्मा झाला. सुनंदाकाकू आणि कॉलेजला जाणारी मुग्धा, दोघी पुण्याला गेल्या. "मुग्धाच्या अ‍ॅडमिशनसाठी. तात्पुरतं," काका म्हणाले. भाड्याचे वर्षाचे चेक आधीच दिलेले, म्हणून दोन बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहिले. अंडी आणायचं कारण उरलं नाही. फ्रिजचं अख्खं दार औषधांनी भरलं.

आणि काकांची प्रॅक्टिस जोरात सुरू झाली. ज्यांची नोकरी गेली त्यांचा इन्शुरन्सही गेला. ज्यांची होती त्यांना सुट्टी मागायची भीती. संध्याकाळी समोरची बेल वाजतच राहायची. त्या दिवसांत कुणाच्याच हातात काही नव्हतं. नोकरी राहील का, व्हिसा राहील का, मुलांची शाळा राहील का. गोळी गिळली की निदान आपण काहीतरी केलं असं वाटायचं. काकांच्या दारातून माणसं जरा हलकी होऊन निघायची, हे मीही बघितलंय. चहा मिळायचा, पंधरा मिनिटं गप्पा व्हायच्या, आणि निघताना हातात दोन दिवसांचं काहीतरी.

पुढे स्वाइन फ्लूची हवा आली. शाळेच्या दारात मुलांच्या कपाळाला थर्मामीटर, ऑफिसात जागोजागी सॅनिटायझर. काकांनी मास्क घेतला, तोही गळ्यात अडकवायला. बोलताना अडचण होते म्हणत. कॉरिडॉरमध्ये कुणी खोकलं की दार उघडायचं. "थांब! जीभ!"

"काका, फ्लूलासुद्धा अँटिबायोटिक चालत नाही हो," मी पुन्हा म्हटलं.

"बॉडीला कळलं पाहिजे," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष नव्हतं. लिफ्टमधून कोण येतंय ते बघत होते.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी समीर म्हणाला, "काकांच्या चपला वाजल्या नाहीत आज."

खरंच वाजल्या नव्हत्या. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. काका भिंत धरून उभे होते, अंगावर ब्लँकेट, दात वाजत होते. जीभ दाखव म्हणाले नाहीत.

"काही नाही रे. कमरेत भरलंय आणि जरा लघवीला जळजळ. घेतोय मी."

"काय घेताय?"

"आधी पांढरी घेतली, दोन दिवस. मग ती लांबुळकी घेतली. कालपासून गुलाबी."

समीरने त्यांना उचललंच म्हणायचं. हॉस्पिटलात डॉक्टर होती एक तरुण मल्याळी मुलगी, चष्मा नाकावर घसरलेला. तिने हिंदीत विचारलं, "अंकल, कौन-कौन सी दवाई ली है?" काकांनी हजेरी घ्यावी तशी नावं घेतली. ती लिहिता लिहिता थांबली.

"और पूरा कोर्स आख़िरी बार कब किया था?"

काकांनी छताकडे बघितलं. "पूरा?"

लघवीचा कल्चर रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलेलं, आणि काकांच्या फ्रिजमधल्या एकाही गोळीला ते जुमानत नव्हतं. फक्त एक-दोन इंजेक्शनं लागू पडणार होती. डॉक्टर त्यांच्या कॉटशी बसली आणि समजावून सांगू लागली. दर वेळी थोडंसं औषध गेलं की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात.

"म्हणजे," काका मराठीतच म्हणाले, "मी त्यांना ट्रेनिंग दिलं?"

मी भाषांतर केलं. ती हसली नाही. "हां अंकल. ट्रेनिंग ही समझिए."

काका सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाले, "यार्डात कुणी असं केलं असतं, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता."

मला वाटलं, सुधारले. कसले! इंजेक्शनांनी ताप उतरला आणि दुसऱ्याच दिवशी मी डबा घेऊन गेले, तर काका पँट-शर्ट घालून कॉटवर बसलेले. एक बूट चढवून झाला होता.

"निघालो. खलास! ताप नाही."

"काका, डॉक्टरांनी अजून सोडलेलं नाही. इंजेक्शनं बाकी आहेत."

"वैशाली, तुला कळत नाहीये. पुढच्या आठवड्यात यार्डात नावं निघणार आहेत. अशा वेळी माणूस समोर दिसला पाहिजे. मी इथे झोपून राहिलो तर त्यांना वाटेल, याच्यावाचूनही चालतंय."

हे ते पहिल्यांदाच बोलले. आवाज नेहमीचा नव्हता. तेवढ्यात डॉक्टर आली. तिने बूट बघितला.

"अंकल, बुख़ार गया है, इन्फेक्शन नहीं गया. आधे में छोड़ेंगे तो ख़ून में फैल सकता है. फिर मेरे पास भी दवाई नहीं बचेगी."

काका दुसरा बूट हातात धरून बसले होते. शेवटी मीच म्हटलं, "ठीक आहे, जा. पण आधी काकूंना फोन करून सांगा की असं असं झालंय आणि मी मधेच उठून चाललोय."

ते एकदम दचकले. "सुनंदाला? तिला काही माहीत नाही! यार्डात काम आहे सांगितलंय मी. तिला कळलं तर ती हातातलं सगळं टाकून येईल. आणि येऊन काय करेल? इथे तिला ठेवू कुठल्या हिमतीवर?"

मग त्यांनी पायातला बूट काढला, दोन्ही बूट कॉटखाली नीट जोडीने ठेवले आणि आडवे झाले. सगळी इंजेक्शनं घेतली. नावं निघाली तेव्हा त्यांत टिपणीस नव्हते. रिकाम्या यार्डालाही सेफ्टी ऑफिसर लागतो, असं मॅनेजर म्हणाला म्हणे.

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावलं. "फ्रिज रिकामा करायचाय. कचऱ्यात टाकायचं नाही, फ्लशही करायचं नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत नेऊन द्यायचं, असं ती डॉक्टर म्हणालीय."

मी पिशवी धरली आणि ते एकेक स्ट्रिप काढू लागले. तेव्हा मला दिसलं की त्यातल्या ठाण्याच्या थोड्याच होत्या. बाकीच्या बिल्डिंग सोडून गेलेल्यांच्या. जाताना लोक कुंड्या, सायकली, कुकर वाटून जायचे; काकांना उरलेल्या गोळ्या द्यायचे. प्रत्येक स्ट्रिपला रबरबँड आणि आत नावाचा कागद.

"ही मेननची. जाताना कढीपत्त्याचं झाड आणि ही दिली. झाड गेलं माझ्याकडून." स्ट्रिप पिशवीत. "ही देशमुखांची, त्यांच्या धाकट्याचा कान फुटला होता तेव्हाची. ही पटेलची. त्याला विमानतळावर मीच सोडला. गाडीत एक शब्द बोलला नाही."

पटेलची स्ट्रिप त्यांनी जरा वेळ हातात धरली. तारीखही उलटून गेली होती तिची. मी पिशवी तशीच धरून उभी राहिले. मग त्यांनी ती टाकली आणि फ्रिजचं दार लावलं.

त्यानंतर काकांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "मी दिलेलं काही उरलं असेल तर परत द्या. आणि यापुढे डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घ्यायचं नाही. दिलं तर सांगेल तितके दिवस घ्यायचं." लोक हसले. एकाने विचारलं, "काका, आमच्यापुरती एक तरी ठेवलीय ना?" काकांनी त्याला गाडीत घातलं आणि क्लिनिकमध्ये नेऊन बसवलं. साधी सर्दी निघाली. डॉक्टरने वाफ घ्यायला सांगितलं, आणि तो त्यानंतर काकांकडे फिरकला नाही.

कुणीच फिरकलं नाही. संध्याकाळी समोरची बेल वाजायची बंद झाली. कॉरिडॉरमध्ये चपलांचा आवाज तेवढा वाढला. लिफ्टपर्यंत जायचा आणि परत यायचा.

असाच एक शुक्रवार. आमच्याकडे मटण शिजत होतं. ईरा दाराशी गेली आणि भिंगातून बघत म्हणाली, "आई, अंकल इज जस्ट स्टँडिंग देअर. ही इजन्ट रिंगिंग द बेल."

मी दार उघडलं.

"कुणाला काही होतंय का?" काकांनी विचारलं.

"नाही काका. सगळे बरे आहेत."

"ताप? घसा?"

"काहीच नाही."

"वा. चांगलं आहे." ते वळले नाहीत. माझ्या खांद्यावरून आत बघत राहिले.

समीर आतून ओरडला, "काका, दारात काय उभे? मटण होतच आलंय. यल्ला, चला, आत या!"

ते येऊन सोफ्याच्या कडेला बसले, बोलावणं आलं की उठायचं असल्यासारखे. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी, आजारपण लपवल्यापासून करत होते तसा, कट करायला अंगठा नेला, आणि मग उचलला.

"हं, सुनंदा. नाही, घरी नाही. समोर आहे, वैशालीकडे. नाही ग, गोळ्या द्यायला नाही आलो." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "एक सांगायचंय. ओरडू नकोस. मधे मी अ‍ॅडमिट होतो."

काकूंचा आवाज स्वयंपाकघरात मला ऐकू आला. काकांनी फोन कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"चुकलं. हो. हो ग, सगळी घेतली, मधे नाही सोडली. वैशालीला विचार." समीरने टीव्हीचा आवाज बंद केला. काका आमच्याकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाले, "बरा आहे मी. पण करमत नाही ग."

मी गॅस बंद केला. ईराने कुणी न सांगता चौथं ताट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. फोन कानाला तसाच धरून त्यांनी ते जरासं स्वतःकडे ओढून घेतलं.