उजवीकडे ओढणारा ट्रक

वझलवार साहेबांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. ‘अजून मोजलं नाही,’ असं उत्तर यायचं, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. पहिल्यांदा मी हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा मग मीही गप्प बसलो.

भोपाळला पिपलानीच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स शेजारी-शेजारी. त्यांच्या फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळलं की आमचं फाटक. कारखान्यात ते तपासणी विभागाचे फोरमन आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलेला. अख्खं भोपाळ ज्या ‘चलता है’वर चालतं, ते दोन शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची कोणाची छाती नव्हती. ‘किती चलता है? आकडा सांग!’ हे नागपुरी गर्जन ऐकून भले भले वेल्डर घाम पुसायचे.

एका गणेशोत्सवात मूर्ती बसली, भटजी आरतीला उभे राहिले, आणि साहेबांनी खिशातून पाणसळ काढली. ‘बाप्पा डावीकडे झुकून राहिले.’ सगळी टाउनशिप टाळ हातात धरून खोळंबलेली आणि हा गृहस्थ पाटाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारतोय! बुडबुडा मधोमध आला तेव्हा कुठे आरतीला परवानगी मिळाली.

त्यांच्या बायकोचा, शारदाकाकूंचा, स्वभाव अगदी उलटा. त्यांच्या पाटवडीच्या रश्श्यात मीठसुद्धा अंदाजानेच पडायचं, आणि काय पडायचं! घरात काही केलं की झाकलेली वाटी घेऊन काकू निघाल्याच. मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, उजवा हात जेमतेम हलायचा. काकू व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहायच्या. बोलायच्या, पण व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या. ‘कशाला? कुठे जायचंय आता मला?’ म्हणायच्या.

तेव्हा साहेबांनी रिमोटवर चालणारा ट्रक बांधायला घेतला. खेळणं म्हणावं तर अडीच फूट लांब, जाड रबरी टायर, मागे हौदा. ‘साहेबांना आता खेळणी सुचतायत,’ असं माझी बायको म्हणालीसुद्धा. त्याचा रिमोट पिस्तुलासारखा होता: डाव्या हातात धरून बोटाने वेग द्यायचा, आणि उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवून ट्रक वळवायचा. एका दुपारी काकूंनी खुर्चीत बसल्या बसल्या तो व्हरांड्याच्या उतारावरून खाली आणला. फाटकातून बाहेर पडून तो उजवीकडे वळला आणि आमच्या दारात थांबला. हौद्यात झाकलेली वाटी होती, काकूंनी सांगून साहेबांकडून करवून घेतलेल्या रश्श्याची. माझी बायको ती वाटी धरून तिथेच रडायला लागली.

‘पाह्यलं?’ साहेब काकूंना म्हणाले. ‘हात सुधारून राहिला तुझा.’

मग रोज वाटी, आणि रोज साहेबांचं तेच: ‘कालच्यापेक्षा जास्त वळला.’ काकू स्वतःहून रबरी चेंडू दाबायला लागल्या. दिवाळीला चकल्या स्वतः पाडीन म्हणाल्या.

आता माझा शहाणपणा ऐका. तो ट्रक उजवीकडे गर्रकन वळायचा आणि डावीकडे अगदी रडतखडत. हे माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. एका रविवारी साहेब बॅटरी आणायला जवाहर चौकात गेले होते, काकू आत झोपल्या होत्या, आणि ट्रक व्हरांड्यात उभा. मी पुढची चाकं विटेवर उचलून घेतली. चाकं वळवणारी सळई पाहिली, सरळ होती. ती ओढणारी छोटी मोटर पाहिली, तीही ठीक. शेवटी रिमोट उघडून बघतो तर डाव्या-उजव्या वळणाची मापंच वेगळी! उजवं दुपटीहून जास्त. एवढ्या काटेकोर माणसाची अशी चूक? मला तर मनातून गुदगुल्याच झाल्या. मी कोनमापक लावून दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या.

संध्याकाळी साहेब परतले. काकूंनी वाटी ठेवून ट्रक काढला. तो फाटकातून सरळ गेला आणि पलीकडच्या नालीत पालथा झाला. पुन्हा काढला, पुन्हा नालीत. काकू दात-ओठ खाऊन ते चाक फिरवत होत्या, पण उजवीकडे फिरवताना हात एका जागी येऊन अडत होता.

आणि मी, कारखान्यातला हुशार माणूस, मोठ्या उत्साहाने म्हणालो, ‘साहेब, मी आज दुरुस्त केला! उजवीकडे दुप्पट ओढत होता, कळलं नाही का तुम्हाला?’

साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

‘म्हणजे ट्रक वळत होता,’ काकू हळूच म्हणाल्या. ‘हात नव्हे.’

साहेबांनी रिमोट घ्यायला हात पुढे केला, तर काकूंनी तो पदराखाली घेतला. ‘नको. आता असाच राहू द्या.’

मला फाटकापर्यंत पोचवताना साहेब म्हणाले, ‘नोकरीत एक खोटी सही नाही केली मी. घरात मात्र रोज करून राहिलो होतो. हात जरा जरी सुधारता, तर तेवढं माप कमी करणार होतो. कमी करायची वेळच नाही आली, बाप्पा.’ मी रडलो, लपवायचं कशाला.

चार दिवस वाटी आली नाही. ट्रक कोपऱ्यात तसाच. साहेब ड्यूटीवरून येऊन काकूंच्या शेजारी बसायचे, पण रिमोट पदराखालीच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फाटकात उभा होतो. ट्रक बाहेर आला. मला वाटलं, गेला आता नालीत. पण नालीच्या अलीकडेच तो डावीकडे वळला. थांबला. जरा मागे येऊन पुन्हा डावीकडे. मागे जायचं, पुढे यायचं, डावीकडेच फिरत राहायचं, असं करत करत एक मोठं वेटोळं घालून शेवटी त्याने तोंड आमच्याकडे केलं. हाताला उजवीकडे वळता येत नव्हतं, तर काकूंनी उजवीकडे यायची वाट डावीकडून काढली होती.

साहेब ट्रकच्या मागे-मागे चालत होते. हात पाठीशी बांधलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते पुसायचीही शुद्ध नाही.

‘हात लावू नका हं!’ व्हरांड्यातून काकू ओरडल्या.

‘नाही लावून राहिलो!’ साहेब म्हणाले.

रस्सा तोवर पार गार झाला होता. साहेबांनी आणि मी तो तिथेच, फाटकात उभ्या उभ्या संपवला.