सायलेन्सरचा चौथा बोल्ट

"माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही," असं स्वतःला गुप्तहेर म्हणवणारे मामा नेहमी सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुटायला तो आधी सापडावा लागतो. नजर घारीची, चाल वाघाची आणि मेंदू स्वतःचा, असं आपलं वर्णन ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आज हा सगळा ऐवज दाजींच्या जुन्या व्हॅनखाली उताणा पडला होता आणि दाजी शेजारी टॉर्च धरून बसले होते. बायकोचा भाऊ, सांगणार कुणाला!

दाजींचा जीव मात्र टांगणीला लागला होता. लेक आणि तिचं तान्हं बाळ दुपारी चारला दवाखान्यातून निघणार होती. लेक जन्मली तेव्हा तिला याच व्हॅनमधून घरी आणलं होतं. नातही हिच्यातूनच यावी, एवढीच त्यांची हौस. पण सायलेन्सर फुटलेला. गाडी सुरू केली की अख्खी गल्ली दणाणायची. नवा सायलेन्सर आणून ठेवला होता. जुन्याचे तीन बोल्ट, काल तेल सोडून ठेवल्यामुळे, निमूट निघाले. चौथा काही केल्या हलेना.

"दाजी, हा घातपात आहे," खालून मामांचा आवाज आला.

"मामा, गंज आहे तो."

"गंज हे कारण झालं. मला हेतू हवाय!"

पहिला संशय गल्लीतल्या मेकॅनिकवर गेला. त्याने मत्सरापोटी बोल्ट वेल्ड केला असणार. तो आपल्याला साधा नमस्कारही करत नाही हे आठवल्यावर मामांची खात्रीच पटली. मग बोल्ट उलट्या आट्यांचा असल्याचा साक्षात्कार झाला. मामांनी जोर लावून पाना उलटा फिरवला. पाना सटकला आणि बोटं सोलवटली.

"रक्त!" मामा ओरडले. "दाजी, इथे झटापट झालीय!"

"तुमचंच आहे ते."

"पुराव्याला हात लावू नका!"

मग हातोडी झाली, तेलाची अख्खी बाटली झाली, वरच्या मजल्यावरून झाडांना पाणी घालणाऱ्या आजोबांवर आळ घेऊन झाला. तीन वाजले. दाजींनी टॉर्च खाली ठेवला.

"राहू द्या, मामा. टॅक्सी बोलावतो," ते म्हणाले, आणि त्यांनी व्हॅनच्या दारावरून एकदा हात फिरवला.

तेवढ्यात मामांची ताई बाळाची दुपटी घेऊन बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने दुपटी त्याच्या हातात कोंबली, गाडीखाली वाकली आणि फडक्याने तो बोल्ट खसाखसा पुसला. गंजाचं एक ढेकूळ टपकन मामांच्या कपाळावर पडलं. वर राहिलं नुसतं भोक.

"अरे, इथे बोल्ट आहेच कुठे? कधीचा पडून गेलाय!" तिने सायलेन्सर धरून ओढला आणि तो मुकाट हातात आला.

मामा सावकाश बाहेर सरकले. "मला पहिल्यापासून संशय होताच," ते म्हणाले. "आरोपी फरार आहे."

दवाखान्यातून परतताना नव्या सायलेन्सरची व्हॅन इतकी शांत चालली होती की मागच्या सीटवर झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकू येत होता. दाजी गाडी चालवता चालवता एकसारखे डोळे पुसत होते.

"बाबा, काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. डोळ्यात कचरा गेलाय."

शेजारी बसलेल्या मामांनी काचा पाहिल्या. चारही घट्ट बंद होत्या. त्यांनी दाजींकडे निरखून पाहिलं, बोट उगारलं, बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"गेलाय खरा," ते मागे वळून म्हणाले. "मी स्वतः पाहिलं." आणि त्यांनी आपला रुमाल दाजींपुढे धरला.