देवळापाशी निघणारी चिमटी

महिपतीतात्यांच्या बोटीच्या नव्या इंजिनाला एकच खोड होती. उजनीच्या पाण्यात अर्धं बुडालेलं महादेवाचं देऊळ आलं, की ते बंद पडायचं. अलीकडं नाही, पलीकडं नाही, बरोबर कळसासमोर. बटणाखाली बसवलेली लाल चिमटी टुणकन निघायची आणि बोट गप्प. तात्या ती पुन्हा बसवून इंजिन चालू करेपर्यंत इंदापूरच्या बाजाराला निघालेल्या बायका त्यांच्याकडं पाठ करून गुमान बसायच्या. तात्यांना त्या पाठींतूनच राग दिसायचा. आज ना उद्या ह्या साऱ्या दुसऱ्या बोटवाल्याच्या, गोकुळच्या बोटीत जाऊन बसणार, ह्या धास्तीनं त्यांना भाकर गोड लागेना.

शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या सुप्रियाबाई इतक्या अदबीनं बोलल्या, की भांडायच्या तयारीनं बसलेल्या तात्यांची पंचाईत झाली. पेट्रोल, वेग, लाटा, सगळं विचारून झालं.

"सर, चिमटी नेमकी कुठं निघते?"

"देवळापुढं. जाताना एकदा, येताना एकदा."

बाईंनी तेही लिहून घेतलं. चार दिवसांत नवी चिमटी फुकट घरपोच आली. तीही देवळापुढं निघाली. मग दुसरी आली, तिनंही तेच केलं. प्रयागबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, की कंपनीचा नाद सोडा आणि अभिषेक बोला.

पण कंपनी चिवट. पुण्याहून इंद्रजित नावाचा इंजिनिअर आला आणि तात्यांशेजारी बोटीत बसला. चिमटीची दोरी हाताला बांधायची. माणूस पाण्यात पडला की चिमटी निघते, इंजिन बंद होतं, जीव वाचतो, असं त्यानं समजावलं. तात्यांनी दोरी बांधली होतीच. वर जन्मभराच्या सवयीनं, बैलाचा कासरा गुंडाळावा तसे तिचे चार वेढे तळहाताला घेतले होते. देऊळ आलं. तात्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. टुणकन.

इंद्रजितनं हसू खोकल्यात घातलं. वेढे सोडायला तात्या तयार होईनात. मग तो भीत भीत म्हणाला, "तात्या, नमस्कार एका हातानं केला तर?"

"एका हातानं आमी उमेदवाराला करतो."

हेही कंपनीला पटलं असावं. आठवड्यात नवी दोरी आली, खास तात्यांच्या मापाची: चार वेढे आणि वर एक नमस्कार.

पुढच्या बाजारी बोट देवळासमोरून सुसाट गेली. तात्यांचा ऊर भरून आला. बायका मात्र एकदम वळल्या.

"तात्या, आज थांबली न्हाय?" साखरबाईंनी विचारलं. "देव आपणहून थांबवून दर्शन देतो, म्हणून तर आमी गोकुळची बोट सोडून हिच्यात बसतो."

"थांबवू का मागं घिऊन?"

"तुमी थांबवून काय उपेग?"

येताना निम्म्या बायका गोकुळच्या बोटीत होत्या. तात्यांनी काठावरूनच फोन लावला.

"सर, दोरी बरोबर आली ना?"

"झ्याक आली, बाई. पण नवी तक्रार हाय."

"काय लिहू, सर?"

तात्यांनी देवळाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"लिवा, इंजिन बंद पडत न्हाय."